पिकअप, वडाप, ट्रॅक्टर की कामाची कार? आयकरात गाडीचा खर्च कसा दाखवायचा, वाचा सविस्तर

तालुका प्रतिनिधी : आपल्या भागात आता दर दोन-चार घरांमागे एक तरी गाडी कामाला लागलेली दिसते. कुणाची पिकअप डाळिंब, केळी घेऊन मार्केटला जाते. कुणाचा ट्रक उसाच्या हंगामात कारखान्याला लागतो. कुणी शाळेची मुले ने-आण करतो, कुणी वडाप चालवतो. दुकानदार, विमा एजंट, डॉक्टर, वकील, ठेकेदार यांची स्वतःची कारही दिवसातून निम्मा वेळ धंद्याच्याच कामात असते. डिझेल, टायर, विमा, हप्ता, ड्रायव्हरचा पगार यात वर्षाला लाखो रुपये जातात. पण आयकराचा विषय निघाला की बहुतेक जण म्हणतात, "ते सीए बघतो." सीए बघतो हे खरे, पण सही आपली असते आणि नोटीसही आपल्याच नावाने येते. म्हणून गाडीच्या खर्चावर आयकरात काय मिळते, कुणाला मिळते आणि कागद काय लागतात हे गाडीवाल्याला स्वतःला माहीत असले पाहिजे.

खाली दिलेले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाचे आहेत. या वर्षाचे रिटर्न जुन्या, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यानेच भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे पुढच्या वर्षी सीएने वेगळा कलम क्रमांक सांगितला तर गोंधळून जाऊ नका.

आधी एक गैरसमज काढून टाका

"धंद्यावर गाडी घेतली की टॅक्स माफ होतो," असे पारावर सर्रास ऐकायला मिळते. तसे काही नाही. सरकार गाडीचे पैसे परत देत नाही. धंद्याच्या कमाईतून गाडीचा खर्च वजा होतो आणि जो नफा उरतो त्यावर कर लागतो. खर्च १०० रुपये दाखवला आणि आपण २० टक्क्यांच्या टप्प्यात असलो, तर कर वाचतो २० रुपये. उरलेले ८० रुपये आपल्याच खिशातून गेलेले असतात. त्यामुळे केवळ कर वाचवायला म्हणून गाडी घेणे हा तोट्याचा सौदा आहे. धंद्याला गाडी लागतच असेल, तर तिचा खर्च नीट दाखवणे हे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट. नवीन कर पद्धतीत २०२५-२६ साठी एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे साधारणपणे कर शून्य होतो. एक पिकअप चालवणाऱ्या आपल्या बहुतेक भावांचा नफा या मर्यादेच्या आतच असतो. मग हे सगळे कशाला वाचायचे? त्याला तीन कारणे आहेत. भाड्यातून टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवायला रिटर्न लागते. दुसऱ्या गाडीचे कर्ज काढायला गेले की बँक किंवा फायनान्सवाले दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. आणि देव न करो, पण गाडीमालकाचा अपघातात मृत्यू झाला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याची कमाई किती होती हे दाखवायला रिटर्न हा मोठा पुरावा धरला जातो. रिटर्न नसले की घरच्यांना कमाई सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

हा खर्च कुणाला दाखवता येतो?

ज्याला धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न आहे त्यालाच. म्हणजे वाहतूकदार, दुकानदार, ठेकेदार, एजंट, डॉक्टर, वकील, इंजिनिअर वगैरे. पगारदार माणसाला नाही. शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी रोज स्वतःच्या गाडीने ४० किलोमीटर जात असले, तरी पगाराच्या उत्पन्नातून गाडीचा घसारा किंवा पेट्रोल वजा करता येत नाही.

शेतकऱ्यांचे काय? शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. त्यामुळे स्वतःचा माल बाजारात न्यायला वापरलेल्या गाडीचा खर्च हा शेतीचा खर्च झाला. तो दुकानाच्या किंवा भाड्याच्या धंद्यात घालता येत नाही. मात्र तीच गाडी दुसऱ्याचा माल भाड्याने वाहत असेल, तर ते भाडे शेतीचे उत्पन्न होत नाही, तो धंदा झाला. ट्रॅक्टरचेही तसेच. स्वतःच्या रानातली नांगरट म्हणजे शेती. गावात एकराप्रमाणे पैसे घेऊन दुसऱ्याच्या रानात नांगरट, रोटर मारले तर तो धंदा. "ट्रॅक्टर शेतीचा, म्हणून सगळे माफ" ही समजूत चुकीची आहे.

दोन रस्ते : ठोक हिशेब की खरा हिशेब

गाडीचा खर्च दाखवण्याचे दोन मार्ग आहेत. आपण कुठल्या मार्गाने जातो हे आधी ठरवावे लागते, कारण दोन्हींचा फायदा एकदम घेता येत नाही.

पहिला मार्ग म्हणजे ठोक अंदाजाचा. यात वह्या ठेवायची सक्ती नाही. कायद्याने ठरवलेला नफा दाखवायचा आणि मोकळे व्हायचे. दुसरा मार्ग म्हणजे खऱ्या हिशेबाचा. यात सगळी जमा आणि सगळा खर्च पावतीनिशी लिहायचा आणि उरेल तो नफा दाखवायचा.

मालवाहू गाडी असेल तर : कलम ४४एई

ज्याच्याकडे वर्षात कधीही १० पेक्षा जास्त मालवाहू गाड्या नव्हत्या आणि ज्याचा धंदा माल वाहण्याचा आहे, त्याच्यासाठी हे कलम आहे. हिशेब असा :

• गाडीचे एकूण वजन, म्हणजे मालासकटचे पासिंग वजन, १२,००० किलोपर्यंत असेल तर दर गाडीमागे दर महिना ७,५०० रुपये नफा धरला जातो. वर्षाला ९०,०००. छोटा हत्ती, पिकअप, छोटा टेम्पो यातच येतात.

• १२,००० किलोच्या वर असेल तर दर टनाला दर महिना १,००० रुपये. २८ टन पासिंगचा ट्रक असेल तर महिन्याला २८,००० आणि वर्षाला ३,३६,०००.

• महिन्यात चार दिवसच गाडी आपल्या नावावर असली तरी पूर्ण महिना धरतात.

• गाडी उभी असली तरी मोजली जाते. उसाचा हंगाम संपला आणि गाडी चार महिने वस्तीवर उभी राहिली, तरी ते चार महिने वगळता येत नाहीत.

• हप्त्यावर घेतलेली गाडीही आपलीच धरली जाते.

यात डिझेल, टायर, ड्रायव्हर, व्याज, घसारा सगळे आधीच वजा झाले असे कायदा मानतो. त्यामुळे ९०,००० तून पुन्हा घसारा वजा करतो म्हटले तर चालत नाही. अनेक जणांची इथेच फसगत होते. ठोक नफाही दाखवतात आणि खाली परत गाडीचा खर्चही टाकतात.

प्रत्यक्ष कमाई यापेक्षा जास्त झाली असेल तर जास्तीची दाखवायची असते. आणि कमी दाखवायची असेल तर वह्या ठेवून सीएकडून ऑडिट करून घ्यावे लागते.

प्रवासी गाडी, दुकान, ठेकेदारी : कलम ४४एडी

वडाप, टॅक्सी, शाळेची व्हॅन या प्रवासी गाड्या ४४एई मध्ये येत नाहीत. ते कलम फक्त मालवाहू गाड्यांचे आहे. प्रवासी गाडीवाला, दुकानदार, भाड्याने नांगरट करणारा ट्रॅक्टरवाला हे ४४एडी मध्ये जाऊ शकतात. यात वर्षाच्या जमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा. जी जमा बँकेतून किंवा यूपीआयने आली तिच्यावर ६ टक्के. उलाढालीची मर्यादा २ कोटी, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी.

समजा शाळेच्या व्हॅनची वर्षाची जमा ५ लाख आहे. त्यातले ३ लाख पालकांनी फोनवरून पाठवले आणि २ लाख रोख दिले. मग ३ लाखांचे ६ टक्के म्हणजे १८,०००, आणि २ लाखांचे ८ टक्के म्हणजे १६,०००. एकूण ३४,००० हा कायद्याने किमान नफा. खरी शिल्लक जास्त असेल तर ती दाखवायची. इथेही गाडीचा खर्च वेगळा मिळत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमा एजंटासारखे कमिशनचे उत्पन्न ४४एडी मध्ये बसत नाही, त्याने खरा हिशेबच दाखवावा. आणि ४४एडी घेऊन मध्येच त्यापेक्षा कमी नफा दाखवत बाहेर पडलात, तर पुढची ५ वर्षे पुन्हा त्यात येता येत नाही.

डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट यांच्यासाठी कलम ४४एडीए आहे. जमेच्या निम्मा, म्हणजे किमान ५० टक्के नफा दाखवायचा. मर्यादा ५० लाख, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. कारचा खर्च उरलेल्या निम्म्यातच आला.

खरा हिशेब : काय काय वजा होते?

खऱ्या हिशेबाच्या रस्त्याने गेले तर पुढील खर्च वजा होतात :

• डिझेल, पेट्रोल, सीएनजी, चार्जिंग
• दुरुस्ती, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी
• विमा, रस्ता कर, पासिंग, परमिटची फी
• टोल, पार्किंग
• ड्रायव्हर आणि क्लीनरचा पगार, भत्ता
• गाडीच्या कर्जावरचे व्याज
• घसारा

हप्त्याबद्दल नीट समजून घ्या. हप्त्यात दोन भाग असतात, मुद्दल आणि व्याज. वजा होते ते फक्त व्याज. मुद्दल वजा होत नाही, कारण गाडीच्या किमतीसाठी घसारा मिळतोच. १५,००० चा हप्ता आहे म्हणून १ लाख ८० हजार खर्च दाखवला, तर तो चुकीचा. बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून वर्षअखेरीस व्याजाचा दाखला घ्या, त्यात आकडा लिहिलेला असतो.

काय वजा होत नाही? ओव्हरलोड, सिग्नल, कागद नसणे याचा दंड, म्हणजे ई-चलन. कायदा मोडल्याचा दंड हा धंद्याचा खर्च धरत नाहीत. वाटेत कुणाला दिलेली चिरीमिरीही नाही. आणि मालकाने स्वतःलाच दिलेला पगारही नाही.

घसारा म्हणजे काय, किती मिळतो?

गाडी वापरून तिची किंमत दर वर्षी कमी होते. ती घट कायदा ठरलेल्या टक्क्याने खर्च म्हणून देतो, त्याला घसारा म्हणतात. दर असे :

• स्वतःच्या धंद्याला वापरायची कार, मोटारसायकल : १५ टक्के
• भाड्याने चालवायची टॅक्सी, बस, ट्रक, टेम्पो : ३० टक्के
• विजेवर चालणारी गाडी : ४० टक्के

दर वर्षी मूळ किमतीवर नव्हे, तर उरलेल्या किमतीवर टक्केवारी लागते. उदाहरणार्थ, ९ लाखांची भाड्याची पिकअप. पहिल्या वर्षी ३० टक्के म्हणजे २,७०,०००. उरले ६,३०,०००. दुसऱ्या वर्षी त्याचे ३० टक्के म्हणजे १,८९,०००. उरले ४,४१,०००. असे पुढे.

घसारा घ्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर नाही. खऱ्या हिशेबात तो घेतला नाही तरी घेतला असे धरून गाडीची किंमत कमी करतात. त्यामुळे "यंदा नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षाला ठेवू" असे करता येत नाही. ठोक हिशेबाच्या वर्षांतही घसारा मिळाला असेच धरले जाते.

दसऱ्याची गाडी, दिवाळीची गाडी : १८० दिवसांचा नियम

गाडी ज्या वर्षी घेतली त्या वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल, तर त्या वर्षापुरता घसारा निम्मा मिळतो. ३१ मार्चपासून उलटे मोजले तर ही तारीख ३ ऑक्टोबर येते. २०२५ सालचा दसरा २ ऑक्टोबरला होता. म्हणजे दसऱ्याला गाडी आणून त्याच दिवशी कामाला लावली, तर पूर्ण घसारा. तीच गाडी दिवाळीच्या पाडव्याला, २२ ऑक्टोबरला आणली तर निम्मा. वरच्या ९ लाखांच्या पिकअपला दसऱ्याला २,७०,००० आणि दिवाळीला १,३५,०००.

पण राहिलेला घसारा बुडत नाही. दिवाळीच्या गाडीची उरलेली किंमत ७,६५,००० राहते आणि पुढच्या वर्षी तिच्यावर ३० टक्के, म्हणजे २,२९,५०० मिळतात. त्यामुळे नियमासाठी घाईने महाग गाडी उचलण्यात अर्थ नाही. गुढीपाडव्याला, १९ मार्च २०२६ ला घेतलेल्या गाडीलाही, ती त्या १३ दिवसांत खरोखर कामाला लागली असेल तर, निम्मा घसारा मिळतो. नुसती बुकिंगची पावती पुरत नाही. गाडी ताब्यात हवी, पासिंग झालेली हवी आणि कामाला लागलेली हवी. पहिल्या फेरीची चिठ्ठी, पंपाची पहिली पावती जपून ठेवा.

घरचीही आणि धंद्याचीही कार : एक उदाहरण

आपल्याकडे दुकानाची कार आणि लग्नकार्याची कार वेगळी नसते. एकच गाडी सोमवारी माल आणायला जाते आणि रविवारी देवदर्शनाला. अशा वेळी जितका वापर धंद्याचा, तितकाच खर्च मिळतो.

समजा एका मोठ्या कृषी सेवा केंद्राची उलाढाल ४ कोटी आहे, म्हणजे ४४एडी लागू नाही, खराच हिशेब. मालकाच्या नावावर ८ लाखांची कार आहे, यंदाच घेतलेली, पूर्ण घसाऱ्याला पात्र. नोंदवहीप्रमाणे ७० टक्के किलोमीटर धंद्याचे आहेत.

घसारा १५ टक्के : १,२०,०००
इंधन : १,२०,०००
विमा : २४,०००
दुरुस्ती : १६,०००
कर्जाचे व्याज : ५०,०००
एकूण : ३,३०,०००
त्याचे ७० टक्के : २,३१,०००

कारचा खर्च धरण्याआधी नफा १९ लाख असेल, तर करपात्र नफा १६,६९,००० होतो. नवीन कर पद्धतीत १६ ते २० लाखांचा टप्पा २० टक्क्यांचा आहे. म्हणजे कर ४६,२०० रुपये कमी, आणि ४ टक्के उपकर धरून ४८,०४८ रुपये कमी. नवीन कर पद्धतीत घसारा मिळत नाही अशी अफवा आहे, ती खरी नाही. साधा घसारा दोन्ही पद्धतींत मिळतो.

नाव कुणाचे? पैसे कसे दिले?

घसारा मिळायला गाडी धंदा करणाऱ्याच्या मालकीची लागते. आपल्याकडे दुकान मुलाच्या नावावर, गाडी वडिलांच्या नावावर आणि कर्ज सुनेच्या नावावर असे चालते. मग इंधन, दुरुस्ती दाखवता येते, पण घसारा आणि व्याज वादात अडकतात. गाडी घेतानाच आरसी, कर्ज आणि धंदा एका नावावर ठेवा.

दुसरी मोठी बाब रोखीची. गाडीच्या किमतीपोटी एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरतच नाहीत. जुनी पिकअप बाजारात ३ लाख रोख मोजून घेतली, तर कायद्याच्या हिशेबात तिची किंमत शून्य धरली जाऊ शकते. शिवाय एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्यालाही दंड आहे. म्हणून जुनी गाडी असली तरी पैसे बँकेतून द्या.

रोजच्या खर्चालाही हीच मर्यादा आहे. एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च मान्य होत नाही. टायरची जोडी घेतली, इंजिनचे काम काढले की रक्कम सहज वर जाते. तेव्हा फोनवरून किंवा चेकने द्या. मालवाहू गाडीवाल्याला भाड्यापोटी द्यायच्या रकमेला ही मर्यादा ३५,००० आहे, हे व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

जीएसटीचे काय?

दुकानाला जीएसटी नंबर आहे म्हणून कारवर भरलेला जीएसटी परत मिळेल असे समजू नका. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर, स्वतःच्या वापरासाठी घेतली असेल तर, जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. तो जीएसटी गाडीच्या किमतीत धरून त्यावर घसारा घ्यायचा. माल वाहायची पिकअप किंवा ट्रक असेल आणि धंदा जीएसटी लागणारा असेल, तर क्रेडिट मिळू शकते. पण क्रेडिट घेतले तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी लागते. दोन्हीकडून फायदा नाही.

टीडीएस कापू नये म्हणून

कारखाना, कंपनी किंवा मोठा व्यापारी वाहतुकीचे पैसे देताना टीडीएस कापतो. वैयक्तिक नावाच्या वाहतूकदाराला हा दर १ टक्का आहे. मात्र १० किंवा कमी मालवाहू गाड्या असतील, तर पॅन नंबर आणि तसे लेखी प्रतिज्ञापत्र दिले की टीडीएस कापायचा नसतो. हंगामाचा करार करतानाच हा कागद द्या. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. १ लाखाच्या बिलात २० हजार अडकले म्हणजे डिझेलचे वांधे. कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर आपल्या २६एएस आणि एआयएस मध्ये दिसतो. तो बघूनच रिटर्न भरा.

गाडी विकली तर?

वर सांगितलेली पिकअप दोन वर्षांनी ५ लाखांना विकली, त्या दराची दुसरी गाडी नाही, आणि हिशेबातली उरलेली किंमत ४,४१,००० आहे, तर ५९,००० रुपये अल्प मुदतीचा भांडवली नफा धरून त्यावर कर लागतो. लोक म्हणतात, "९ लाखांची गाडी ५ लाखांना विकली, तोटाच झाला." पण घसारा आधी घेतलेला असतो. त्याच वर्षात दुसरी भाड्याची गाडी घेतली, तर ही रक्कम तिच्या किमतीत जमा-वजा होते.

कुठला रस्ता कुणाला बरा?

एक-दोन पिकअपवाल्याला सहसा ४४एई सोपे पडते. वह्या नाहीत, ऑडिट नाही. पण एक विचार करा. खरी शिल्लक अडीच लाख असताना फक्त ९०,००० दाखवले, तर ते नियमाला धरून नाही, आणि बँक दुसऱ्या गाडीला कर्ज देताना तोच आकडा बघते. उत्पन्न १२ लाखांच्या आत असताना खरी कमाई दाखवल्याने कर वाढत नाही, उलट पत वाढते.

ज्याचा नफा खरेच कमी आहे, नवीन गाडीमुळे घसारा मोठा आहे आणि दुसरे उत्पन्नही आहे, त्याने खऱ्या हिशेबाचा विचार सीएशी बोलून करावा. ऑडिटची फी आणि वाचणारा कर यांची तुलना करा. तोटा आला तर धंद्याचा तोटा ८ वर्षे पुढे नेता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीच्या आत भरलेले पाहिजे.

कागदांची यादी

१. आरसी, परमिट, विमा, गाडी खरेदीचे बिल
२. कर्जाचे मंजुरीपत्र आणि दर वर्षीचा व्याजाचा दाखला
३. फेऱ्यांची वही : तारीख, कुठून कुठे, काम काय, किलोमीटर, भाडे
४. १ एप्रिलला आणि ३१ मार्चला गाडीच्या मीटरचा फोटो
५. पंपाच्या पावत्या. या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, त्याच दिवशी फोटो काढा
६. गॅरेज, टायरच्या पावत्या, गाडी नंबरसकट
७. ड्रायव्हरच्या पगाराची सहीची वही किंवा बँकेची नोंद
८. धंद्याचे वेगळे बँक खाते

हे सगळे निदान ७-८ वर्षे जपा. ठोक हिशेबवाल्यांना वह्यांची सक्ती नाही, तरी फेऱ्यांची वही ठेवलेली बरी.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवली तर ३० टक्के घसारा मिळेल का? आधी परमिटचा प्रश्न येतो. परवान्याशिवाय भाडे मारणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विम्यावरून वाद होतो. गाडी रीतसर भाड्याच्या नोंदणीत आणा.

कुठला फॉर्म? ठोक हिशेबाला आयटीआर-४, म्हणजे सुगम. त्यात एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत हवे. खऱ्या हिशेबाला आयटीआर-३.

शेतीचे उत्पन्न दाखवायचे का? हो, दाखवा. ते करमुक्तच राहते, पण इतर उत्पन्न जास्त असेल तर कराचा दर ठरवताना ते धरले जाते.

एजंट म्हणतो, पावत्या मी लावतो, रिफंड काढून देतो. चालेल का? अजिबात नाही. खोटा खर्च सापडला तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, वर व्याज. एजंट टक्केवारी घेऊन मोकळा होतो, दंड गाडीमालक भरतो. रिफंड किती येईल याआधी खर्च कुठला लावला हे विचारा. पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि भरलेल्या रिटर्नची प्रत घेतल्याशिवाय फी देऊ नका.

तूर्त काय करावे?

आज संध्याकाळी गाडी वस्तीवर लागली की एवढे करा. मीटरचा फोटो काढा, एक वही गाडीत ठेवा, आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि फायनान्सवाल्याकडून व्याजाचा दाखला मागवा. हे चार कागद हातात घेऊन सीएकडे गेलात तर तो काय सांगतो ते आपल्यालाही कळेल. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे रस्ता निवडण्याआधी जाणकाराचा सल्ला जरूर घ्यावा. बातमी उपयोगी वाटली तर आपल्या गावातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर पाठवा.